झडपेची गोळी, केमोची गोळी आणि चवथीचा आठवडा

रुग्ण ६१ वर्षांच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या. ऱ्हुमॅटिक तापानं हृदयाची मायट्रल झडप खराब झाल्यामुळे बऱ्याच वर्षांपूर्वी ती बदलून यांत्रिक झडप बसवलेली. तेव्हापासून रोज रात्री रक्त पातळ ठेवणारी ॲसिनोकुमॅरॉलची गोळी. यंदा मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, तिसरा टप्पा. शस्त्रक्रिया नीट पार पडली आणि त्यानंतर केमो सुरू झाली. केमोच्या दुसऱ्या सायकलच्या तेराव्या दिवशी हिरड्यांतून रक्त, हातांवर काळेनिळे डाग आणि काळे जुलाब अशा अवस्थेत त्या भरती झाल्या. रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आयएनआर ८.४.

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावात लहानथोर सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून इथंही बाईच.

मी त्या रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. वॉर्डातून फोन आला तेव्हा प्रश्न सरळ होता: केमोच्या कॅपेसिटाबिन गोळ्यांमुळे आयएनआर इतका चढतो का? चढतो. औषधाच्या माहितीपत्रकातच तसं छापलेलं असतं. पण पहिल्या सायकलमध्ये दोनदा तपासणी झाली होती आणि दोन्ही वेळा आकडा हद्दीत होता. कॅपेसिटाबिन तेच, डोस तोच, बाई त्याच. मग दुसऱ्या खेपेला असं काय बदललं? हे कोणालाच सांगता येत नव्हतं, कारण बाईंच्या औषधांच्या चार फायली चार ठिकाणी होत्या आणि त्यातल्या एकाही फायलीत उरलेल्या तीन नव्हत्या.

ज्यांच्या घरात रक्त पातळ करायची गोळी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं प्रमाण म्हणजे आयएनआर. तुमचाआमचा तो साधारण १ असतो. मायट्रल जागी यांत्रिक झडप असली की तो २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात. खाली गेला तर झडपेवर गुठळी धरते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. वर गेला तर रक्तस्राव. बाईंची गोळी एक दिवस २ मिलिग्रॅम, एक दिवस ३ मिलिग्रॅम अशी ठरलेली होती, म्हणजे आठवड्याला १७.५. महिन्यातून एकदा साखळी गावातल्या लॅबमध्ये तपासणी. बाईंनी हे सगळं वर्षानुवर्षं चोख सांभाळलं होतं.

केमो म्हणजे ऑक्सालिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन. पहिल्या दिवशी शिरेतून ऑक्सालिप्लॅटिन, आणि त्याच दिवसापासून १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या सकाळी, तीन रात्री, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. मग ७ दिवस सुट्टी. असे २१ दिवस म्हणजे एक सायकल. बाईंची गाठ तिसऱ्या टप्प्यात असली तरी कमी जोखमीच्या गटातली होती, म्हणून चारच सायकली ठरल्या. सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांची केमो अशा रुग्णांना पुरते, हे २०१८ साली बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलं होतं.

आता पिशवी.

भरती झालेल्या रुग्णाच्या घरच्यांना मी नेहमी सांगते, घरात असतील ती सगळी औषधं पिशवीत घालून आणा, निवडत बसू नका. निवडायला सांगितलं की लोक 'औषधं' तेवढी आणतात आणि मलम, थेंब, काढे, टॉनिकं घरी राहतात. बाईंची सून साडीच्या दुकानाची एक मोठी पिशवी आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात ॲसिनोकुमॅरॉलच्या पट्ट्या होत्या, २ ची वेगळी, ३ ची वेगळी, रबर लावून. शस्त्रक्रियेनंतर रक्त कमी झालं म्हणून दिलेल्या लोहाच्या गोळ्या. रक्तदाबाची एक. कॅपेसिटाबिन वेगळ्या खोक्यात, त्याला सून हातमोजे घालून हात लावायची, हे तिला कोणीतरी नीट शिकवलेलं दिसलं. उलटीच्या गोळ्या. तोंडाला लावायच्या मायकोनाझोल जेलची सील न फोडलेली ट्यूब. जुलाबासाठी दिलेली लोपेरामाइडची पट्टी, एकही गोळी न काढलेली. आणि कात्रीनं कापलेला पट्टीचा एक तुकडा, चार गोळ्या संपलेल्या, सहा शिल्लक, नावाचा भाग कापून गेलेला. मागच्या बाजूला 'झोल ४००' एवढीच अक्षरं उरली होती.

"बाई, ही कसली पट्टी?"

"अगो बाय, ती धाकट्याची. मार्चमध्ये त्याचं पोट बिघडलेलं, तेव्हाची उरलेली. मेट्रो काहीतरी. दोन दिवस घेतली मी, सकाळ-संध्याकाळ."

मेट्रोनिडाझोल. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर जी औषधं घ्यायची नाहीत त्यांच्या कुठल्याही यादीत हे पहिल्या पाचांत सापडेल.

इथं थांबून 'सापडला चोर' म्हणणं सोपं होतं. वॉर्डातले एक तरुण डॉक्टर तसं म्हणालेही. पण चार गोळ्यांनी पहिल्या सायकलमधल्या ३.३ चा ८.४ होतो हे मला पटेना, आणि कॅपेसिटाबिनचं कोडं तसंच राहत होतं. मी बाईंना विचारलं, जुलाब कधी सुरू झाले, जेवण कधी कमी झालं, डाग आधी दिसले की रक्त आधी? बाई म्हणाल्या, "मला काय आठवतंय? सगळं कालनिर्णयावर लिहिलंय. स्वयंपाकघरात टांगलंय बघ."

मुलानं संध्याकाळी घरी जाऊन भिंतीवरच्या दोन्ही पानांचे फोटो पाठवले.

शिक्षिकेचं अक्षर, काय सांगू. त्या एवढ्याशा चौकोनात एका कोपऱ्यात सिलिंडर कधी लावला, दुधाचे पैसे कधी दिले, आणि दुसऱ्या कोपऱ्यात 'के १', 'के २' असे कॅपेसिटाबिनचे दिवस. आयएनआर लाल पेनानं. 'पोट ३ वेळा', 'पोट ५', 'पोट ८'. 'फक्त पेज'. 'मेट्रो २'. एका चौकोनात 'आयएनआर' लिहून त्यावर बाण ओढलेला, पुढल्या आठवड्याकडे. त्या चौकोनात कालनिर्णयानं स्वतःच छापलेलं होतं: श्रीगणेश चतुर्थी.

कर्करोगाच्या डॉक्टरांची फाईल, हृदयाच्या डॉक्टरांचं कार्ड, साखळीच्या लॅबचे कागद, यांतल्या कशातही नसलेली संगती त्या दोन पानांवर होती. ती मी एका कागदावर उतरवून काढली. त्यातून उमगलेलं असं.

पहिली सायकल श्रावणात सुरू झाली. बाईंच्या घरी श्रावण पाळतात, मासळी बंद. पावसाळ्यातल्या पालेभाज्या रोजच्या ताटात: तायकिळो, तांबडी भाजी, अळू, वालीची भाजी. हिरव्या पानांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ॲसिनोकुमॅरॉल नेमकं त्याच्याच विरुद्ध काम करतं. म्हणजे श्रावणभर बाईंचा आयएनआर खाली ओढणारा एक हात ताटातच होता. केमोच्या आधी आकडा होता २.८. आठव्या दिवशी २.९. पंधराव्या दिवशी ३.३. प्रत्येक वेळी लॅबच्या कागदावर 'हद्दीत', आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तीन आकडे शेजारी ठेवून पाहिले असते तर जास्त भाजी खाऊनही तो चढतोच आहे, हे दिसलं असतं.

चढण्याचं कारण कॅपेसिटाबिनच. हे औषध शरीरात गेल्यावर त्याचं फ्लुरोयुरॅसिल होतं. यकृतात सीवायपी२सी९ नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, वॉर्फरिन, ॲसिनोकुमॅरॉल अशा औषधांची विल्हेवाट लावत असतं. कॅपेसिटाबिनच्या काळात हे विकर कमी तयार होतं असं मानतात. म्हणून हा परिणाम पहिल्या गोळीला दिसत नाही. आधीचा साठा ओसरत जातो तसा तो हळूहळू उघड होतो, काहींना काही दिवसांत, काहींना महिन्यांनी. माहितीपत्रकात दिलेला अभ्यास अवघ्या चार रुग्णांचा आहे, पण आकडे बोलके आहेत: वॉर्फरिनच्या अधिक प्रभावी घटकाचं शरीरातलं एकूण प्रमाण सरासरी ५७ टक्क्यांनी वाढलं आणि आयएनआरची कमाल पातळी ९१ टक्क्यांनी. पहिल्या सायकलच्या दोन तपासण्या चांगल्या आल्या म्हणून या जोडीबद्दल निर्धास्त होण्यात काही अर्थ नसतो. मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात घातक गोष्ट ते दोन चांगले रिपोर्ट होते.

श्रावण संपला त्याच आठवड्यात दुसरी सायकल सुरू झाली. पाचव्या दिवसापासून तोंड आलं, चव गेली. चवथीला घरात गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची माटोळी, खतखतें, पातोळ्या, नेवऱ्या, पाहुणे. आणि बाईंच्या ताटात पेज आणि लोणच्याची फोड. पालेभाजी एकदम शून्यावर. आठव्या दिवशी तपासणी होती, पण तो चवथीचाच दिवस. लॅब बंद, मुलगा आरत्यांत. "चवथ झाली की करू." त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. चूक असलीच तर ज्यानं तारीख दिली त्याला ती कुठल्या सणावर पडते हे दिसलं नाही, यात आहे. गोव्यात त्या आठवड्यात काय चालू असतं हे काही गुपित नाही.

दहाव्या दिवसापासून जुलाब. आधी तीन, मग पाच, मग आठ. के जीवनसत्त्व पोटात जात नव्हतंच, त्यात हे. आणि अकराव्या-बाराव्या दिवशी मेट्रोनिडाझोल. तेही सीवायपी२सी९ ला अडवतं, पण इथं वाट पाहावी लागत नाही, एक-दोन दिवसांत परिणाम होतो. शिवाय फ्लुरोयुरॅसिल शरीराबाहेर जाण्याचा वेगही ते मंदावतं, म्हणजे केमोचे दुष्परिणाम वाढवतं. जुलाब थांबावेत म्हणून घेतलेली गोळी जुलाबाच्या मूळ कारणालाच खतपाणी घालत होती.

म्हणजे भाजी गेली, विकर ओसरलं, तपासणी पुढे ढकलली आणि त्यावर मेट्रोनिडाझोल पडलं, सगळं एका आठवड्यात. यांपैकी कुठलीही एक गोष्ट एकटी आली असती तर आयएनआर कदाचित चार-साडेचारपर्यंत जाऊन परतला असता.

'लोक कुठलीही गोळी घेतात' असा शेरा मारून मोकळं होणं बाईंवर अन्याय होईल. मी विचारलं होतं, जुलाब वाढले तेव्हा फोन का केला नाही? उत्तर ऐकण्यासारखं होतं.

"जुलाब होणार हे त्यांनीच आधी सांगून ठेवलेलं. मग होतायत, तर होतायत. त्यासाठी चवथीच्या दिवशी कोणाला त्रास द्यायचा?"

"आणि कॅपेसिटाबिन? तीही घेत राहिलात?"

"म्हणजे काय? औषधाचा कोर्स मध्येच सोडायचा नसतो. एवढी वर्षं पोरांना हेच शिकवलं मी."

अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करा, हा धडा आपण इतका घोटून घेतलाय की तो सगळ्याच गोळ्यांना लागू होतो असं सुशिक्षित माणसालाही वाटतं. कॅपेसिटाबिनचं अगदी उलट आहे. नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त जुलाब झाले, रात्री उठावं लागलं, तोंडाच्या फोडांनी गिळणं कठीण झालं, तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले, तर गोळी तिथंच थांबवायची आणि फोन करायचा. त्रास ओसरल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा, सांगतील त्या डोसनं पुन्हा सुरू. मधल्या बुडालेल्या गोळ्या भरून काढायच्या नाहीत. 'जुलाब होतील' हे बाईंना सांगितलं गेलं. 'किती झाले की थांबायचं' हा आकडा सांगितला गेला नाही, किंवा सांगितला गेला असेल तर केमोच्या पहिल्या दिवसाच्या धांदलीत हरवला. लोपेरामाइडची पट्टी कोरी राहिली तीही त्यामुळेच. तिच्या पाकिटावर नाव, डोस, कधी घ्यायची, काहीच लिहिलेलं नव्हतं. आणि ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर ती गोळी परस्पर घ्यायची नाही, हे तर पाकिटावर लिहायलाच हवं.

काळ्या शौचाबद्दल एक. घरच्यांनी ते तीन दिवस पाहिलं होतं, पण लोहाच्या गोळ्यांनी काळं होतं हे त्यांना माहीत होतं आणि ते खरंही आहे. लोहाचं काळं हिरवटसर, घट्टसर असतं. आतून झालेल्या रक्तस्रावाचं काळं डांबरासारखं चिकट, आणि त्याला उग्र, कुजकट वास. जुलाब चालू असताना हा फरक घरी कळणं अवघड. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कळण्याची वाट पाहू नये. हातावरचे डाग बांगडी लागून पडले असतील, असंही ठरून गेलं होतं. शेवटी सकाळी दात घासताना बेसिन लाल झालं तेव्हा मुलगा गाडी काढून निघाला.

वॉर्डात काय केलं ते आता भराभर सांगते. हिमोग्लोबिन ९.१, आधी १०.४ होतं. प्लेटलेट १ लाख १० हजार, पांढऱ्या पेशी बऱ्या. रक्तदाब ठीक. कॅपेसिटाबिन बंद, ॲसिनोकुमॅरॉल बंद, सलाईन. के जीवनसत्त्व द्यायचं तर किती, यावर मात्र डॉक्टरांची बराच वेळ चर्चा चालली. १० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं की आयएनआर धाडकन खाली येतो आणि मग पुढचे कित्येक दिवस ॲसिनोकुमॅरॉल लागूच पडत नाही. यांत्रिक झडपेला ते परवडणारं नव्हतं. जोराचा, जीवावर बेतणारा रक्तस्राव असता तर तो धोका पत्करून पूर्ण मात्रा दिली असती, जोडीला प्लाझ्मा किंवा गोठणघटकांचं सांद्र इंजेक्शन. बाईंचा स्राव थोडा होता. म्हणून नर्सनं कुपी फोडून सिरिंजनं मोजून १ मिलिग्रॅम काढलं आणि चमचाभर पाण्यातून पाजलं. दुसऱ्या दिवशी ४.१. तिसऱ्या दिवशी २.९, आणि त्याच रात्री ॲसिनोकुमॅरॉल कमी डोसनं पुन्हा सुरू.

शेजारीण भेटायला आली ती गुळवेलीचा काढा आणि पपईच्या पानांचा रस घेऊन. प्लेटलेट कमी आहेत हे गावात कळलं होतं. बाईंना तो परत पाठवायचा संकोच वाटत होता, तेव्हा ते काम मी केलं. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. त्यावर वाद झाला, आयुष मंत्रालयानं हरकत घेतली. तो वाद बाजूला ठेवला तरी ज्या यकृतावर बाईंच्या दोन्ही गोळ्यांचा हिशोब अवलंबून होता, त्यात आणखी एक अनोळखी पाहुणा सोडायची ती वेळ नव्हती.

मायकोनाझोलची ट्यूब मी स्वतःकडे ठेवून घेतली. तोंडात पांढरे चट्टे आल्यावर गावातल्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी ती लिहून दिली होती आणि चवथीच्या गडबडीत लावायची राहिली. तोंडाला लावायची जेल म्हणजे औषध थोडंच, असं सगळ्यांनाच वाटतं. पण ती गिळली जाते, थोडी रक्तात उतरते, आणि मायकोनाझोल सीवायपी२सी९ ला जबरदस्त अडवतं. वॉर्फरिन घेणाऱ्यांत नुसत्या या जेलमुळे गंभीर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. बाईंना त्याऐवजी निस्टॅटिनचे थेंब दिले, ते आतड्यातून शोषलेच जात नाहीत म्हटलं तरी चालेल.

खरा पेच पुढे होता. अजून दोन सायकली बाकी होत्या.

मुलाचा प्रश्न रास्त होता: रक्त पातळ करायची दुसरी, नवी गोळी नाही का, जिला आयएनआर लागत नाही? आहेत. पण यांत्रिक झडपेला त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रान वापरून पाहिलेली चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती, निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. कॅपेसिटाबिनऐवजी शिरेतून फ्लुरोयुरॅसिल द्यावं तर औषध मूळचं तेच, संघर्षही तोच. गोळी सोडून रक्त पातळ करणारी हेपॅरिनची इंजेक्शनं रोज दोनदा, केमो संपेपर्यंत, मायट्रल झडपेवर आणि जुलाबानं मूत्रपिंडावर ताण आलेल्या बाईला. हृदयाच्या डॉक्टरांना ते मान्य नव्हतं. केमो इथंच थांबवावी का, हेही बोलून झालं. बाईंनी विचारलं, थांबवली तर परत यायची शक्यता किती वाढते? उत्तर ऐकून म्हणाल्या, "मग घेऊया."

कर्करोगाचे आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांशी आधी बोललेच नव्हते असं नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी ॲसिनोकुमॅरॉल थांबवून हेपॅरिन कसं द्यायचं ते त्यांनी मिळून ठरवलं होतं. केमो 'गोळ्यांचीच तर आहे' म्हणून ते बोलणं राहिलं. गोळीच्या रूपातली केमो सगळ्यांनाच सौम्य वाटते, रुग्णालाही आणि, खरं सांगायचं तर, आमच्यातल्या काहींनाही.

ठरलं ते असं. जुलाब दिवसाला आठवर जाऊन भरती व्हावं लागलं म्हणून कॅपेसिटाबिन तीन चतुर्थांशावर: दोन वेळा, प्रत्येक वेळी ५०० च्या दोन आणि १५० ची एक. ॲसिनोकुमॅरॉल एक दिवस १, एक दिवस २. आयएनआर आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी. निकाल आला की सून त्याचा फोटो पाठवणार, पण नुसत्या आकड्याचा नाही, कालनिर्णयाच्या पानाचा. आकड्याशेजारी जेवण, जुलाब आणि नवी गोळी दिसली पाहिजे. ही कल्पना माझी नाही, बाईंचीच. मी फक्त म्हटलं की यात मलम, थेंब आणि काढेसुद्धा लिहा.

दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल; डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन नाही. ती जठराला सोलवटतात आणि प्लेटलेटचं कामही बिघडवतात. पॅरासिटामॉलचंही एक पथ्य आहे. रोज दोन ग्रॅमच्या वर, सलग काही दिवस गेलं की आयएनआर चढतो. आणि केमोच्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटला टेकला तर पॅरासिटामॉल घेऊन तो दाबायच्या आधी फोन. पांढऱ्या पेशी कमी असताना बऱ्याचदा ताप हीच एकमेव खूण असते आणि गोळीनं ती पुसली जाते. हे मी सुनेला सांगितलं, मग सुनेकडून ऐकून घेतलं. बाईंना हा प्रकार आवडला. "आमच्या शाळेत यालाच पाठ म्हणून घेणं म्हणायचे," म्हणाल्या.

ताटाबद्दल बाईंना वाटलं होतं की पालेभाज्या बंदच कराव्या लागतील. तसं नाही. रोज साधारण सारखी खायची, एवढंच. एक दिवस ढीगभर अळू आणि चार दिवस नुसती पेज, हा चढउतार गोळीला झेपत नाही. पेजेवर यायची वेळ आलीच तर त्या दिवशी कळवायचं.

तिसरी आणि चौथी सायकल २.४ ते ३.७ मध्ये पार पडली. चारदा डोस हलवावा लागला, प्रत्येक वेळी थोडाथोडाच.

चौथी सायकल संपली तेव्हा घरात पेढे वाटले, आणि मी सुनेला म्हटलं की तपासण्या अजून एक महिना तरी तशाच चालू. तिला ते पटलं नाही. कॅपेसिटाबिन तर संपली, आता कसला संघर्ष? पण ओसरलेलं विकर पुन्हा भरतं तेही हळूहळूच. ते भरू लागलं की कमी केलेला डोस तोकडा पडतो आणि आयएनआर घसरतो. केमोतल्या रक्तस्रावाची भीती सगळ्यांना असते, केमोनंतरच्या गुठळीचा विचार फार थोडे करतात. बाईंचा आकडा शेवटच्या गोळीनंतर पहिल्या आठवड्यात २.७, दुसऱ्यात २.१. डोस रोज २ मिलिग्रॅम केला तरी तिसऱ्या आठवड्यात १.७. हृदयाच्या डॉक्टरांनी काही दिवस हेपॅरिनची इंजेक्शनं जोडीला दिली आणि गोळी वाढवली. सहाव्या आठवड्यात बाई पुन्हा २ आणि ३ च्या जुन्या चालीवर आल्या, २.८ वर.

या घटनेची नोंद आम्ही राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे पाठवली. २०१० पासून चालू असलेल्या या कार्यक्रमाकडे रुग्ण किंवा घरचे स्वतःही कळवू शकतात, १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर. जुनीच, माहीत असलेली गोष्ट कशाला कळवायची, असं एका सहकाऱ्यानं विचारलं. वॉर्फरिनबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, पण आपल्याकडे कितीतरी रुग्ण ॲसिनोकुमॅरॉलवर असतात आणि त्याच्या नोंदी तुलनेनं थोड्या, म्हणून.

अलीकडे बाईंची एक दाढ काढावी लागली. दाताच्या डॉक्टरांनी नेहमीच्या सवयीनं अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल आणि ॲसिक्लोफिनॅक अशी चिठ्ठी लिहायला घेतली. बाईंनी फोनमधलं कालनिर्णयाचं पान पुढे केलं, चवथीच्या महिन्याचं. डॉक्टरांनी ते वाचलं, हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि चिठ्ठी नव्यानं लिहिली: यांत्रिक झडप आहे म्हणून दाढ काढण्यापूर्वी तासभर आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, दुखलं तर पॅरासिटामॉल, ॲसिनोकुमॅरॉल न थांबवता चालू. आदल्या दिवशीचा आयएनआर ३.० होता. जागेवर टाके घातले, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या चुळा दिल्या, आणि पुढची तपासणी पाचव्या दिवशी ठेवली. तारीख देण्याआधी त्यांनी बाईंना विचारून घेतलं, त्या दिवशी घरात काही आहे का.